कोचचा फोन आला की बोलायचं कुणी?

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांकडून हा प्रश्न सतत येतो: मुलगी चांगली पोहते, कॉलेजच्या संघात जागा मिळावी असं वाटतं, तर कोचशी आम्ही बोलायचं की तिनं? विचारणाऱ्यांनी बहुतेकदा बोलायला सुरुवातही केलेली असते.

असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं. मुलगी अकरावीत, ब्रेस्टस्ट्रोक पोहणारी. "ही स्वतःहून काही करतच नाही," ही बाबांची तक्रार. कोचला जाणारे ईमेल तिच्या नावानं तेच लिहीत. दहावीत उत्तरं येईनात म्हणून खचलेही होते. खरं तर दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, पोहण्याच्या कोचला रिक्रूटिंगबद्दल (खेळाडूला संघात घेण्याबद्दल) उत्तर देताच येत नाही. खेळाडूनं लिहायला मात्र आडकाठी नसते.

आता फोन येऊ लागले होते. "कसा झाला फोन?" मी मुलीला विचारलं.

"छान झाला," बाबा म्हणाले.

मी त्यांना थांबवलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "कोचनं विचारलं, बायोमेकॅनिक्सच का शिकायचंय? मी असं लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं."

"अगं, तुझी संधी हुकू नये म्हणून..."

"आणि स्कॉलरशिप मिळाली नाही तर? आपल्याला कॉलेज परवडणारच नाही ना?"

आईबाबा एकमेकांकडे बघत राहिले. खर्चाचा आकडा त्या घरात कुणी कधी उच्चारलाच नव्हता. "तिला कशाला टेन्शन," आई म्हणाली.

तिथे मला गाठ सापडली. मुलीनं बोलायचं ते बाबा बोलत होते आणि आईबाबांनी बोलायचं ते कुणीच बोलत नव्हतं. मूल गप्प असलं की त्याच्या जागी कोण बोलतंय हे मी आधी पाहते. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं.

मग कामं वाटून घेतली. ईमेल तिचा: शाळा संपण्याचं वर्ष, जीपीए (गुणांची सरासरी), पुढच्या मीटच्या तारखा, त्या कॉलेजबद्दल एक खरंखुरं कारण आणि सर्वोत्तम टाइम. यार्ड आणि मीटर वेगवेगळे लिहायचे, कारण कॉलेजच्या शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात. बाबांनी स्पेलिंग तपासावं, वाक्य बदलू नये.

आईबाबांचं काम कागदांचं आणि पैशांचं. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या तिच्या एलिजिबिलिटी सेंटरवर नोंदणी करून द्यायची. डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांचे) लागतात आणि त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. अकरावी संपत आल्यावर हे कळलं तर हातात फारसं काही उरत नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री या गटातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. तिथे किती भरावं लागेल याचा अंदाज कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर येतो. तो काढून वर्षाला आपण किती देऊ शकतो ते मुलीला स्पष्ट सांगायचं.

या आईबाबांनी सांगितलं. आकडा तिच्या कल्पनेपेक्षा बराच मोठा निघाला. बाबांच्या यादीतली दोन कॉलेजं तिनं त्याच आठवड्यात खोडली.

खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या खटल्यात 2025 मध्ये सेटलमेंट, म्हणजे तडजोड, झाली; तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांत पोहण्याच्या संघाला 30 जणींची मर्यादा आहे, त्यामुळे कोचच्या गोड बोलण्यापेक्षा जागेचा हिशेब महत्त्वाचा. पुढच्या फोनला बाबा खोलीबाहेर थांबले आणि तिनं थेट विचारलं, "ब्रेस्टस्ट्रोकला आत्ता कितीजणी आहेत, आणि मी येईन त्या वर्षी त्यातल्या किती उरतील?"