घरच्या स्विमिंग पूलमध्ये ॲसिड आपोआप सोडण्याची सोय कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पूल साधारण ५०,००० लिटरचा आहे, पाणी बोअरचं आहे, उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पीएच ८ च्या वर जातो आणि प्रत्येक वेळी हाताने ॲसिड ओतावं लागतं. म्हणून पीएच कंट्रोलर (पीएच मोजून लागेल तसं ॲसिड आपोआप सोडणारं यंत्र) घ्यावा का, असं विचारताय.

सासवडजवळ आमचाही एवढाच पूल आहे, ९ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४. माझं मत विचाराल तर कंट्रोलर एवढ्यात घेऊ नका. टायमरवर चालणारा छोटा पेरिस्टाल्टिक डोसिंग पंप (लवचीक नळी पिळत थोडं थोडं ॲसिड पुढे ढकलणारा) पुरतो. पण त्याच्याही आधी बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येणारी ॲसिड जिरवण्याची क्षमता) मोजा, कारण ॲसिड खातंय ते हे पाणी.

आमच्या बोअरची अल्कलिनिटी ३०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) निघाली. एप्रिल-मे महिन्यात रोज अंदाजे ७ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे २५० लिटर. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, बायकार्बोनेट पुलातच राहतं आणि वरून आपण नवं भरतो. तेवढ्या भरीने पुलाची अल्कलिनिटी रोज दीड पीपीएमने चढते. बाजारात मिळणारं ३०-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १ लिटर घातलं की ५०,००० लिटरमध्ये अल्कलिनिटी साधारण १० ने उतरते. म्हणजे रोजचं १५० मिलिलिटर ॲसिड नुसत्या भरीच्या पाण्यापायी लागतं. रात्री पुलावर कव्हर घालायला लागलो तसा हा आकडा खाली आला. अल्कलिनिटी १५० वरून ७०-८० वर आणून ठेवली, तेव्हा पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडण्याचा वेग मंदावला आणि पीएचही सावकाश चढू लागला. कारंजं असेल तर तेही गरजेपुरतंच चालवा, त्याने पीएच भराभर वर जातो.

आता जोडणी. इथे आमच्या हातून मोठी चूक झाली होती, ती तुमच्याकडे होऊ नये म्हणून सविस्तर सांगतो. डोसिंग पंप आम्ही वेगळ्या प्लगला लावला होता. लाइट गेली आणि परत आली. फिल्टरची मोटर स्टार्टरवर होती, हिरवं बटण दाबल्याशिवाय ती सुरू होत नाही. डोसिंग पंप मात्र वेळ झाली तसा आपोआप सुरू झाला आणि ॲसिड थांबलेल्या पाइपात साचत राहिलं. सकाळी मोटर चालू केल्यावर ते सगळं एकाच इनलेटमधून बाहेर पडलं आणि तिथलं ग्राउट (टाइल्सच्या फटीतलं सिमेंट) खाल्लं. सुदैवाने पाण्यात कोणी नव्हतं. त्याच पाइपात हायपोही (क्लोरीनसाठी घालतात ते सोडियम हायपोक्लोराइट) साचलं असतं तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू झाला असता आणि मुलं पोहत असतील तिथेच तो वर आला असता.

म्हणून डोसिंग पंपाची वायर इलेक्ट्रिशियनकडून स्टार्टरच्या आउटपुटवरूनच घ्या. मोटर बंद तर डोसिंग बंद. मोटर हवा धरून नुसतीच फिरते तेव्हा ही सोय कामाची नाही, त्यासाठी लाइनवर फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर डोसिंग बंद करणारा) हवाच. त्यात पैसे वाचवू नका. ॲसिडचा पॉइंट फिल्टरच्या आणि हीटर असेल तर त्याच्याही पुढे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी उलटं येऊ न देणारा). हायपोची वेळ पूर्ण वेगळी ठेवा.

दुसरा आधार टाकीचा. डोसिंगला ३५ लिटरचा कॅन कधीही जोडू नका. तो सगळा एकदम गेला तर अल्कलिनिटी शून्यावर येऊन प्लास्टर आणि धातूचे भाग खराब होतात. आमच्याकडे ५ लिटरची टाकी आहे, निम्मं पाणी आणि निम्मं ॲसिड. ती अख्खी रिकामी झाली तरी अल्कलिनिटी २५ ने उतरते आणि पीएच ६.५ च्या आसपास जातो, तो काही दिवसांत सावरतो. पातळ केल्याने धूरही खूप कमी होतो. नाहीतर त्या धुराने पंप-रूममधली पॅनेल गंजतात. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडायचं, उलट कधीच नाही. गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच.

आमचा पंप ताशी दीड लिटरचा आहे. रोज १२ मिनिटं चालवला की पातळ केलेलं ३०० मिलिलिटर जातं, म्हणजे मूळ १५० मिलिलिटर. सुरुवात याच्या निम्म्याने करा, आठवडाभर रोज टेस्ट किटने बघा आणि दोन-दोन मिनिटं वाढवत ७.४ ते ७.६ मध्ये स्थिर करा. टायमर बॅटरी बॅकअपचा घ्या, नाहीतर लाइट गेली की त्याची वेळ मागे पडते. पंपातली नळी पिळून पिळून चिरते, तेव्हा एक जास्तीची आणून ठेवा.

कंट्रोलरबद्दल माझी भीती त्याच्या प्रोबची, म्हणजे पाण्यात बुडवून पीएच मोजणाऱ्या कांडीची आहे. प्रोबचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं असतं, मधूनमधून पीएच ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात) बुडवून कॅलिब्रेट करावा लागतो आणि कोरडा पडला की बिघडतो. बिघडलेला प्रोब पीएच चढाच दाखवत राहिला तर टाकी संपेपर्यंत ॲसिड जात राहतं. शनिवार-रविवारीच बंगल्यावर जाणार असाल तर हे सांभाळणं अवघड आहे.

जूनमध्ये पाऊस लागला की मिनिटं लगेच कमी करा. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, पूल ओसंडून वाहतो आणि अल्कलिनिटी आपोआप उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये आमचा डोसिंग पंप बंदच असतो.