वाचकांचे प्रश्न : हेल्मेटची परीक्षा कोणी घेतली?

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. रोज पहाटे सोमेश्वरमार्गे गंगापूर धरणापर्यंत आणि अधूनमधून रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत सायकलने जातो. नवे हेल्मेट घ्यायचे आहे. पण विक्रेता महागडेच सुरक्षित असल्याचे सांगतो आणि इंटरनेटवरची परीक्षणे वजन, रंग व हवा खेळती राहण्याच्या सोयीपलीकडे जात नाहीत. हेल्मेट डोक्याला कितपत वाचवते, याची कोणा त्रयस्थाने मोजून काढलेली आकडेवारी कुठे मिळेल? शिवाय सायकलच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह का दिसत नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आयएसआय चिन्हाविषयीचे उत्तर थोडक्यात होण्यासारखे असल्याने ते आधी देतो. आयएस ४१५१ हे मानक मोटार दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे. १ जून २०२१ पासून अमलात आलेला गुणवत्ता नियंत्रण आदेशही त्यांच्यापुरताच आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील हेल्मेटसक्ती सायकलस्वाराला लागू होत नाही. त्यामुळे सायकलच्या चांगल्या हेल्मेटवर बहुधा युरोपच्या ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी, म्हणजे ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, मानकाचा उल्लेख आढळतो.

आता मुख्य मुद्दा. ईएन १०७८ च्या चाचणीत डोक्याच्या आकाराच्या धातूच्या साच्यावर हेल्मेट चढवून तो सुमारे दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने, पोलादी सपाट ऐरणीवर आपटतात. साच्याला बसणारा धक्का २५० जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या २५० पटींपेक्षा, जास्त नसावा लागतो. सीपीएससीच्या चाचणीत उंची सुमारे दोन मीटर, वेग सेकंदाला ६.२ मीटर आणि मर्यादा ३०० जी आहे. हे वेग ताशी २० ते २२ किलोमीटरच्या आसपास येतात, आणि ते ऐकून उतारावर ताशी ४० किलोमीटरने जाणारे अनेक जण नाराज होतात. मात्र रस्त्यावर पडताना डोके किती जोरात आपटते हे मुख्यतः खाली येण्याच्या वेगावर, म्हणजेच पडण्याच्या उंचीवर ठरते. समोरच्या वाहनावर किंवा दुभाजकावर थेट आदळल्यास अर्थातच हा हिशेब लागू पडत नाही.

या मानकांची खरी उणीव दुसरीकडे आहे. निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो आणि गुणपत्रिका ग्राहकाला दाखवली जात नाही. काठावर पास झालेला आणि वर्गात पहिला आलेला, दोघांच्या हाती एकच दाखला पडावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय या चाचण्यांत साचा सरळ खाली आपटतात. प्रत्यक्षात सायकलवरून पडणाऱ्याचे डोके बहुतेक वेळा तिरके, डांबरावर घासत आपटते आणि त्या घासण्याने डोक्याला एकदम पीळ बसतो. मेंदूच्या दुखापतीत या पिळाचा वाटा मोठा असतो, आणि तो या दोन्ही मानकांत मोजलाच जात नाही.

आपल्याला हवी असलेली आकडेवारी प्रामुख्याने अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या हेल्मेट प्रयोगशाळेकडे मिळेल. २०१८ पासून ही प्रयोगशाळा सायकलच्या हेल्मेटचे गुणांकन जाहीर करते. तेथे हेल्मेट ४५ अंशांत कललेल्या, सँडपेपर लावलेल्या पृष्ठभागावर, सहा जागांवर आणि दोन वेगवेगळ्या वेगांनी आपटतात. सरळ धक्का आणि पीळ असे दोन्ही मोजतात आणि त्यावरून मेंदूला इजा होण्याच्या संभाव्यतेचा एक आकडा काढतात. हा आकडा जितका कमी तितके हेल्मेट चांगले. यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि हे गुणांकन उत्पादकांच्या पैशांवर चालत नाही. स्वीडनची फोल्कसाम ही विमा कंपनीही अशा तिरक्या आघाताच्या चाचण्या करून निष्कर्ष प्रसिद्ध करते. विमा कंपनीला हा उद्योग कशाला, असे वाटेल. पण जखमींची भरपाई तिलाच द्यावी लागत असल्याने तिचा स्वार्थ ग्राहकाच्या हिताशी जुळतो, आणि म्हणून मला तरी तिचे निष्कर्ष विश्वासार्ह वाटतात.

व्हर्जिनिया टेकची यादी पाहताना केवळ हेल्मेटला दिलेले तारे मोजू नका, कारण पाच तारे मिळवणारी हेल्मेट बरीच आहेत. त्यांच्यातला फरक आकड्यातच दिसतो. मॉडेलचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या. एकच हेल्मेट ‘मिप्स’सह आणि त्याविना अशा दोन रूपांत विकले जाते आणि दोघांचे गुण वेगळे असू शकतात. मिप्स म्हणजे आतला एक पातळ, सरकता थर. आघाताच्या क्षणी तो हेल्मेटला डोक्याभोवती १० ते १५ मिलिमीटर सरकू देतो, त्यामुळे पीळ कमी बसतो. तरीही त्याचा पिवळा ठिपका दिसला की डोळे मिटून पैसे मोजावेत, असे मी म्हणणार नाही, गुण पाहावेतच. किंमत आणि संरक्षण यांचे नाते तर विक्रेता सांगतो तितके घट्ट मुळीच नाही. अमेरिकेतील बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूटने काही स्वस्त आणि काही महागडी हेल्मेट प्रयोगशाळेत तपासून घेतली, तेव्हा आघात शोषण्यात फारसा फरक आढळला नाही. जादा पैसे बहुतांशी कमी वजन, अधिक झरोके आणि दिखाऊपणा यांवर जातात. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये झरोक्यांचे मोल कमी नाही, पण ते सुरक्षिततेच्या खात्यात धरू नये.

नाशिकच्या दुकानांतले प्रत्येक मॉडेल या याद्यांत सापडेलच असे नाही. अशा वेळी हेल्मेट उलटे करून आतला स्पंज बाजूला सारा आणि स्टिकर वाचा. मानकाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव, सेंटिमीटरमध्ये डोक्याचे माप, वजन आणि उत्पादनाचा काळ हे सारे तेथे छापलेले असावे. नुसती ‘सीई’ ही युरोपीय नियमांच्या पूर्ततेची अक्षरे असतील आणि १०७८ हा आकडा कुठेच नसेल, तर ते हेल्मेट परत ठेवावे.

प्रश्न : माझे हेल्मेट सहा वर्षांचे आहे. गेल्या पावसाळ्यात मी पडलो तेव्हा ते रस्त्यावर आपटले, पण बाहेरून तडा दिसत नाही. ते वापरत राहावे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वापरू नये. आतला थर्मोकोलसारखा फोम चिरडला जाऊन आघात शोषतो आणि एकदा दबला की पूर्ववत होत नाही. वरचे प्लास्टिकचे कवच मात्र धडधाकट दिसत राहते. अपघात झाला नसता, तर केवळ सहा वर्षे झाली म्हणून ते टाकण्याची घाई नव्हती, कारण सीपीएससी पाच ते दहा वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. नवे घेतल्यावर ते उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.