बाटली अर्धी का उरली?

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "मॅडम, डोस वाढवला तरी शुगर उतरत नाही. पेशंट ऐकतच नाहीत." हे वाक्य मीही कितीतरी वर्षं वापरलंय, म्हणून लिहायला बसले.

माझ्या ओपीडीत पन्नाशीच्या एक बाई यायच्या. सकाळी १४, रात्री ६ युनिट इन्सुलिन. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट, म्हणजे ती २० दिवसांत संपायला हवी. त्या दीड महिन्याने आल्या, तीच बाटली ओल्या रुमालात गुंडाळून. निम्म्याहून जास्त शिल्लक. मी सगळ्यांदेखत ओरडले, "जिवाची काही काळजी आहे की नाही?" रुमालाची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "नाही वाटत आता."

मी त्यांना दहा वेळा पथ्य समजावलं होतं. मन कसं आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने दीर्घ दुःखातून मधुमेह होतो असं लिहून ठेवलं होतं. आपण आज ते इतकं सरळ मानत नाही, पण नातं दोन्हीकडून आहे एवढं नक्की. मन खचलं की गोळ्या चुकतात, चालणं सुटतं, शुगर वाढते. आणि वाढलेला आकडा पाहून माणूस आणखी खचतो.

'नैराश्य' हा शब्द तुझ्यासमोर कुणी उच्चारणार नाही. "कशात जीव रमत नाही", "हातपाय गळून जातात", "पथ्य करून तरी काय होणार" असं बोलतील. तिथे थांब. दोन प्रश्न विचार: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतं का? उत्तर 'हो' आलं तर नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भर. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. तो संकोचाने गाळू नकोस. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि आपल्या पेशंटच्या घरात इन्सुलिन असतं, हे विसरू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केसपेपरवर ठळक लिहून दे; तिथे मराठीत बोलता येतं.

थकव्याला मात्र लगेच मनाचं लेबल लावू नकोस. थायरॉइड बघ, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व बघ, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं ते विचार. काहींना नैराश्य नसतंच, रोजच्या टोचण्याचा आणि मोजून खाण्याचा कंटाळा आलेला असतो. त्यांना मनाच्या गोळ्या नकोत. वेळापत्रक सोपं करून दे, घरच्यांना समजाव. ज्यांना नैराश्याची औषधं सुरू होतील त्यांची शुगर पहिले काही आठवडे जास्त वेळा तपास, कधी कधी ती खाली येते.

त्या बाईंना मी त्या दिवशी ओपीडी संपेपर्यंत थांबवून घेतलं. डोस तोच ठेवला. त्या आधी बराच वेळ रडल्या, मग बोलल्या.

उद्या ज्यांचा डोस वाढवणार आहेस, त्यांना घरातली बाटली घेऊन यायला सांग.

तुझी,
मॅडम