माळ्यावर ठेवलेली हत्यारे

कळव्याहून पत्र पाठवणारे महोदय,

चिरंजीवांचे बारावीचे 58 टक्के आणि जेईईतील दोन वेळचे अपयश वाचून मी अस्वस्थ झालो नाही. अस्वस्थ केले ते शेवटच्या परिच्छेदाने, ज्यात त्याच्या कानशी, पाने आणि पकडी एका डब्यात भरून आपण तो डबा माळ्यावर टाकल्याचे जवळजवळ अभिमानाने लिहिले आहे. दोन वर्षे तो घरात कोणाशी धड बोलत नाही, हेही आपणच सांगता. आणि जानेवारीत पोलीस स्थापना दिनाच्या शस्त्रप्रदर्शनात तोच मुलगा एका आर्मररला, म्हणजे दलाच्या बंदुकांची तपासणी-दुरुस्ती करणाऱ्याला, पाऊण तास प्रश्न विचारत उभा राहिला, याची मात्र तक्रार करता. मला तर आपल्या पत्रातली तेवढीच बातमी चांगली वाटली. तिसऱ्यांदा क्लासची फी भरण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. ती फी मुलाच्या भवितव्यासाठी कमी आणि नातेवाइकांना द्यायच्या उत्तरासाठी अधिक आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

'आर्मरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्रीच ना?' असे आपण विचारता. मिस्त्रीच, परंतु ज्याच्या मापावर दुसऱ्याचा डोळा आणि हात अवलंबून असतो, असा. रायफलीत काडतूस बसल्यावर त्याच्या मागे बोल्टचा, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचा, आधार किती नेमका आहे, हे तो 'गो' आणि 'नो-गो' अशा दोन गेजांनी, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांनी, तपासतो: पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. काडतूस आणि बोल्ट यांच्यातली फट वाढली तर काडतुसाचे पितळी कवच फाटून तप्त वायू गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. जुन्या .303 रायफलीच्या चौथ्या नमुन्यात यासाठी बोल्टचे डोके 0 ते 3 अशा क्रमांकांत मिळे आणि फट पाहून योग्य क्रमांक बसवला जाई. शिवाय काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन किती बाहेर येते, नळी किती झिजली, ट्रिगर किती वजनाला सुटतो, हे सारे मोजून प्रत्येक हत्याराच्या नोंदीत उतरवायचे असते. या कामात नेमबाजी फार थोडी आणि चिकाटी फार लागते.

आता चिरंजीवांनाही थोडे कडू सांगतो. पोलीस दलात आधी शिपाई म्हणून भरती व्हावे लागते, बंदोबस्ताची वर्षे काढावी लागतात, आणि मग निवड झाली तरच शस्त्रागाराचे प्रशिक्षण मिळते. सैन्यात हे काम प्रामुख्याने 1943 मध्ये स्थापन झालेल्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरकडे आहे. मात्र अग्निवीराची मुदत चार वर्षांची, त्यातून कमाल 25 टक्के कायम होतात, आणि कोणता ट्रेड मिळेल हे आपल्या हाती नसते. बाहेर दुकान काढू म्हणाल, तर 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची नुसती दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. 'अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये ओळखीने चिकटेल का' हा आपला प्रश्न मी वाचला नाही असे समजतो. तिथे रायफली बनतही नाहीत, त्या ईशापूर, कोरवा अशा ठिकाणच्या कारखान्यांत बनतात.

म्हणून माझा सल्ला बंदुकीचा नाहीच. त्या मुलाला बहुधा माप आवडते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जाणारे माप. त्याने ठाण्याच्या किंवा अंबरनाथच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर अथवा टूल अँड डाय मेकरचा (अवजारे आणि साचे घडवण्याचा) दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि वर्दीची ओढ टिकली तर अग्निवीर टेक्निकलच्या भरतीत आयटीआयचे जादा गुणही मिळतात. इंजिनिअर हा शब्द आपल्याला इतकाच प्रिय असेल, तर तो त्या वाटेनेही घरी येईल. फक्त मुलाला त्याची घाई नाही.

अर्जाची तारीख त्याला स्वतःला शोधू द्यावी, आपण फक्त कागदपत्रांची फाइल काढून द्यावी. तो डबा मात्र आज संध्याकाळीच खाली उतरवा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कानशी लवकर गंजतात.