पत्रा फुटला, ठेकेदार म्हणतो चाळीस हजारांत मिटवू

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातला, वय २५. भिवंडीत पत्र्याच्या कामावर हेल्पर होतो. रोज ६५० रुपये, हजेरी मुकादमाच्या वहीत. १४ मे २०२५ ला गोदामाचे जुने सिमेंटचे पत्रे बदलताना उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय पडला आणि पंचवीस फुटांवरून खाली कोब्यावर आदळलो. उजव्या टाचेचं हाड फुटलं, कमरेचा मणका दबला. दवाखान्याचं बिल ठेकेदाराने भरलं, पण केस पेपरवर त्याच्या माणसाने ‘घरी शिडीवरून पडला’ असं लिहवलं. आता पाचशेच्या स्टॅम्पवर सही मागतोय : चाळीस हजार मिळाले, पुढे दावा नाही. म्हणतो, तू रोजंदारीवरचा, माझा कामगारच नाहीस; बेल्टही लावला नव्हतास. त्याने हे काम एका मोठ्या कंत्राटदाराकडून घेतलं होतं. सही करू का?

उत्तर : नका करू. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा करार तसाही रद्दबातलच असतो. पण असा कागद एकदा समोर आला की तो खोडून काढण्यात तारखांवर तारखा जातात. घरात ओढाताण असेल तर पैसे घ्या, मात्र बँक खात्यात घ्या आणि पावतीवर ‘नुकसानभरपाईपोटी अग्रिम’ एवढंच लिहा. ‘पुढे दावा नाही’ हे शब्द कुठेही नकोत.

तो कायदा आता गेला, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली हे खरं, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे. तेव्हा मिळालेला हक्क मागाहून आलेल्या संहितेने बुडत नाही.

रोजंदारीचा मुद्दा टिकणार नाही. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनेच काढून टाकले. बांधकाम-दुरुस्तीच्या कामाला एक अट आहे : इमारत एकाहून जास्त मजल्यांची हवी, नाहीतर जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत किमान बारा फूट उंच हवी. तुम्ही पंचवीस फुटांवरून पडलात, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही.

बेल्टचं मात्र हलक्यात घेऊ नका. सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम कामगाराने मुद्दाम मोडला, तर मालक जबाबदारी टाळू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्याला ही पळवाट मिळत नाही, पण तुमचं अपंगत्व बहुधा अंशतः धरलं जाईल. म्हणून बेल्ट दिला होता का, किती जणांत किती होते, आणि मुख्य म्हणजे तो अडकवायचा कशाला, हे सगळं आठवून लिहून ठेवा. दोर बांधलेलाच नसेल तर बेल्ट म्हणजे नुसता कमरपट्टा. जुना फायबरचा पत्रा धुळीने काळवंडला की सिमेंटच्या पत्र्यात ओळखूही येत नाही. त्यावर चालायला फळ्या टाकल्या होत्या का? खाली जाळी होती? हे प्रश्न ठेकेदाराला विचारले गेले पाहिजेत.

आता रकमेचं. रोज ६५० म्हणजे तीस दिवसांचे १९,५०० होतात, पण हिशेबात महिन्याला १५,००० हीच कमाल मर्यादा धरतात. पंचविसाव्या वर्षासाठी कायद्याच्या तक्त्यातला गुणक २१६.९१ आहे. पंधरा हजारांच्या साठ टक्क्यांना त्याने गुणलं की १९,५२,१९० रुपये येतात. ही झाली पूर्ण अपंगत्वाची भरपाई. अंशतः असेल तर तिचे काही टक्के. खरी ओढाताण याच टक्क्यावर होते. दवाखान्याच्या दाखल्यावर २५ टक्के अपंगत्व लिहिलेलं असेल, पण कायदा विचारतो ते वेगळं : कमावण्याची ताकद किती गेली? पंचवीस टक्क्यांनी सुमारे चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार येतात, तीच ताकद साठ टक्के गेली असं ठरलं तर अकरा लाख एकाहत्तर हजार. म्हणून डॉक्टरांना तुमचं काम नीट सांगा. शिडी चढता येत नाही, कैचीवर, म्हणजे छताच्या सांगाड्यावर, तोल धरता येत नाही, पत्रा उचलून वर देता येत नाही, हे त्यांच्या कागदावर उतरू द्या. सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ सालचा एक निवाडा आहे. एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं गेलं. तुमच्या वकिलाला तो निवाडा ठाऊक असेल.

दवाखान्याचा खर्च वेगळा. ठेकेदाराने भरलेलं बिल या भरपाईतून वजा होत नाही. भरपाई महिन्याभरात द्यायची असते. उशिराबद्दल १२ टक्के सरळव्याज, आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

मोठ्या कंत्राटदारालाही अर्जात सामील करा. कलम १२ प्रमाणे स्वतःच्या धंद्यातलं काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्याकडेही भरपाई मागता येते. गोदाममालकाबाबत मी साशंक आहे. त्याचा धंदा माल साठवण्याचा, छतं घालण्याचा नाही, असा बचाव तो करेल, आणि त्यात थोडं तथ्य आहे.

केस पेपरची नक्कल आधी काढा. बेशुद्ध माणूस दवाखान्यात आणला की ‘कसा पडला’ हे आणणारा सांगतो, आणि वर्षभराने तीच ओळ कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचली जाते. भिवंडीच्या संबंधित पोलीस ठाण्यात खरी हकीगत लेखी द्या आणि पोच घ्या. सोबतच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमधली नोंद, मजुरीचे यूपीआयचे मेसेज, साईटवरचे फोटो, एवढ्याने ती ओळ खोटी पाडता येते.

अर्ज करायला भिवंडीला खेपा घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नांदेडच्या, नुकसानभरपाई आयुक्तांकडेही तो चालतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे १४ मे २०२७ च्या आत दाखल करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला वकील मोफत मिळतो.

आणि मुकादमाशी अजून बोलणं होत असेल तर मेच्या हजेरीच्या पानाचा फोटो आजच मागवा. नोटीस गेल्यावर अशा वह्या हटकून गहाळ होतात.