हौसेसाठी लहान विमान विकत घ्यावं की तासावर भाड्याने उडवावं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की चोपड्याकडे तुमच्या केळीवरून रोज शिकाऊ विमानं जातात, पोरगा काम टाकून वर बघत बसतो, तुम्हीही बसता. तर पायलटची नोकरी वगैरे काही नको, नुसत्या हौसेपोटी विमान उडवणं परवडतं का, आणि एखादं जुनं विमान स्वतःचंच घेऊन टाकलं तर स्वस्त पडेल का.

मी अमळनेरचा. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत, ओहायोत नऊ वर्षं काढली. तिथे खाजगी लायसन्स काढलं, दोन वर्षं भाड्याची विमानं उडवली, मग चौघांनी मिळून एक जुनं विमान घेतलं, आणि परत येताना माझा हिस्सा विकून आलो. आता जळगावला असतो. त्यामुळे भाडेकरूही होतो, मालकही होतो, आणि सध्या फुकट बघणारा आहे.

विमान घेऊ नका. का, ते आपल्याकडच्याच गोष्टीवरून सांगतो. मार्चमध्ये गहू काढायला पंजाबचे हार्वेस्टर आपल्याकडे येतात. पाच एकरवाला शेतकरी एकराच्या दराने पैसे देतो आणि मोकळा होतो. त्याला कोणी म्हणालं, एवढे पैसे दरवर्षी देतोस, त्यापेक्षा हार्वेस्टरच घे, तर तो हसेल. मशीन दोन दिवस चालणार आणि उरलेले ३६३ दिवस शेडमध्ये उभं राहणार, हे त्याला कागद-पेन न घेता कळतं. विमानाच्या बाबतीत हाच माणूस गडबडतो, कारण विमान दिसतं भारी.

आता आमचे आकडे देतो, २०१५ च्या आसपासचे. विमान होतं सेसना १७२, १९७६ सालचं, चार सीटचं, दीडशे हॉर्सपॉवरचं. जगात सर्वात जास्त बनलेलं विमान हेच, ४४ हजारांच्या वर. १९५६ पासून विकलं जातंय, त्यामुळे पार्ट मिळतात आणि ओळखणारे मेकॅनिक मिळतात. चौघांत ४८ हजार डॉलरला पडलं, म्हणजे माझे १२ हजार. चाळीस वर्षांचं विमान म्हटल्यावर माझ्या आईने फोनवर विचारलं होतं, “इतकं जुनं? नवं नाही का मिळत?” मिळतं की. नव्या १७२ ची किंमत आज चार लाख डॉलरच्या वर आहे.

विमान उडो न उडो, वर्षाला लागायचे ते असे: हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, भाडं २४००, विमा १४००, वर्षाची सक्तीची तपासणी २०००, आणि बारीकसारीक दुरुस्ती धरून आणखी हजारेक. झाले ६८००. आणि उडालं की दर तासाला ६५ डॉलर: त्यात पेट्रोल, ऑइल आणि इंजिनासाठी बाजूला टाकायची रक्कम. हे शेवटचं लोक विसरतात. त्या इंजिनाचं पूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून नव्याने बांधणं, कंपनी २००० तासांनी सांगते आणि त्याला तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात. म्हणजे तुम्ही चावी फिरवली की दर तासाला पंधरा-वीस डॉलर इंजिन खातंय, फक्त बिल पुढे येणार आहे.

आता एकटा मालक वर्षाला ४० तास उडतो असं धरा. ६८०० भागिले ४०, म्हणजे १७०, वर ६५. तासाला २३५ डॉलर. त्याच विमानतळावर तसंच विमान पेट्रोलसकट १३० डॉलरला भाड्याने मिळत होतं. एकट्या मालकाचा हिशेब भाड्याला टेकायला वर्षाला शंभरेक तास उडावं लागतं. नोकरी, बायको, बर्फ आणि ढग सांभाळून शंभर तास उडणारा हौशी माणूस मी नऊ वर्षांत एकच पाहिला, आणि तो रिटायर झालेला होता. चौघांत वाटणी केली की मात्र चित्र पालटतं. माझ्या वाट्याला वर्षाचे १७००, चाळीस तासांत वाटले तर साडेबेचाळीस, अधिक ६५. तासाला १०७-१०८. भाड्यापेक्षा स्वस्त, आणि विमान एका शनिवार-रविवारसाठी बाहेर नेलं तरी कोणी “रोज किमान अमुक तासांचे पैसे भरा” म्हणत नाही. ह्या हिशेबात विमानात अडकलेल्या पैशाचं व्याज धरलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही कोणीच धरत नव्हतो. धरलं असतं तर घेतलंच नसतं.

आणि हा हिशेब चांगल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत काय झालं ते सांगतो. मेकॅनिक एकेका सिलिंडरमध्ये ८० च्या दाबाने हवा भरतो आणि किती टिकते ते बघतो. सत्तरच्या वर आलं की तो काही बोलत नाही, पुढे जातो. तीन सिलिंडर झाले, चौथ्याला काटा ३८ वर येऊन थांबला. त्याने मला बोलावलं, म्हणाला सायलेन्सरच्या नळीशी कान लाव. लावला. आतून बारीक फुस्स असा आवाज, सायकलच्या ट्यूबमधून वारा जातो तसा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला होता. इंजिन तर मस्त चालत होतं, मागच्याच आठवड्यात मी बायकोला घेऊन उडालो होतो! तीन हजार डॉलर आणि पाच आठवडे. पाच आठवडे विमान उभं, हँगरचं भाडं चालू. भाड्याने उडवत असतो तर क्लबवाला म्हणाला असता, ते विमान दुरुस्तीला आहे, दुसरं घ्या.

उभं राहण्याने आणखी एक होतं. ह्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, वरच्या बाजूला असते. विमान महिना-दीड महिना हललं नाही की तिच्यावरचं ऑइल खाली उतरतं आणि दमट हवेत ती गंजायला लागते. म्हणजे कमी उडवून इंजिन वाचवतोय असं ज्याला वाटतं, त्याचंच इंजिन आधी जातं.

मग लोक घेतात कशाला? मी का घेतलं? सकाळी हँगरचं दार सरकवायचं, पंखाखालच्या नळीतून काचेच्या पेल्यात थोडं पेट्रोल काढायचं, ते उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, धोतराला नीळ दिल्यावर बादलीत उरतं तसल्या रंगाचं. खाली पाण्याचा थेंब बसलाय का बघायचं, नसला की बरं वाटतं. सीट माझ्या मापाची मागेपुढे केलेली, माझे हेडफोन खुंटीला. ह्याचे पैसे मी मोजले आणि मला पश्चात्ताप नाही. पण हिशेबाने स्वस्त पडतं म्हणून घेतलं असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल.

आता आपल्याकडचं. इथे हिशेब आणखी अवघड होतो, आणि त्याचं कारण फक्त पैसा नाही.

अमेरिकेत सगळ्यांना वापरता येणारे पाचेक हजार विमानतळ आहेत. स्वच्छ हवा असेल तर लहान विमानतळावरून कोणाला न विचारता उडायचं, शंभर मैलांवर उतरायचं, जेवायचं आणि परत यायचं. जेवण दहा डॉलरचं, जाण्यायेण्याचे शंभरावर, ह्यावर तिथल्या वैमानिकांचे विनोदच आहेत. इथे जळगावहून धुळ्याला शेवभाजी खायला जायचं म्हटलं तरी आधी फ्लाइट प्लॅन भरा, हवाई संरक्षणवाल्यांकडून परवानगीचा एडीसी नंबर घ्या, उतरायच्या जागेची परवानगी बघा. तेवढ्या वेळात लाल परी पारोळ्याच्या पुढे गेलेली असते. आणि खानदेशात उतरायला जागा तरी किती? जळगावचा विमानतळ, धुळ्याची गोंदूरची धावपट्टी, शिरपूरजवळ तांड्याची. तिन्ही ठिकाणी पोरांना शिकवणं चालतं. गोंदूरला शिकवणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा आहे, मूळचा जुहूचा.

त्यात खाजगी वापरासाठी विमान बाहेरून आणायचं तर परवानग्या वेगळ्या आणि सप्टेंबर २०२५ पासून त्याला ४० टक्के जीएसटी. मग डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान खात्याची, नोंदणी, दरवर्षी कागदपत्रं, आणि त्या विमानावर सही करायचा अधिकार असलेला इंजिनिअर शोधा. तो तुमच्या गावात राहत नसतो.

आणि आपली हवा. मे महिन्यात जळगावला पारा ४४ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान जमिनीवर उभं असूनही चार-साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो, चार जण बसवायचे तर पेट्रोल कमी घ्यावं लागतं. पावसाळ्यात ढग खाली येतात. म्हणजे हौशी माणसाला नोव्हेंबर ते मार्चच्या सकाळी, एवढंच राहतं. शंभर तास कुठून आणणार?

तर मग तुम्ही काय करावं. खाजगी लायसन्स, म्हणजे पीपीएल, काढायला दहावी पास आणि वय १७ लागतं. शिकायला १६ व्या वर्षीच सुरुवात करता येते. मेडिकल, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण. शिकवणीसकट तासाला साधारण १२ ते १८ हजार रुपये धरा. चाळीस तासांत कोणाचं होत नाही, पन्नास-साठ होतात. सगळं मिळून आठ-दहा लाखांच्या घरात जातं. एक बरा ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी पैसे आणतो. हा खर्च एकदा केला की संपतही नाही, कारण हात चालू ठेवायला महिन्याला एक-दोन तास उडावंच लागतं. सहा महिने न उडता एकदम पोराला शेजारी बसवून निघणारा बाप धोक्याचा. अमेरिकेत तर नियमच आहे की गेल्या ९० दिवसांत तीनदा विमान उडवून उतरवलेलं नसेल तर सोबत माणूस नेता येत नाही.

माझ्याकडे अमेरिकन लायसन्स आहे, पण ते इथे तसंच चालत नाही. डीजीसीएची परीक्षा, मेडिकल, रेडिओचं प्रमाणपत्र हे सगळं करावं लागतं. पुस्तकं आणून ठेवलीत. दोन वर्षं झाली, बायको त्यांच्यावर वाटाणे निवडते.

विमान शिकवणाऱ्या शाळेत चौकशीला गेलात तर तीन गोष्टी स्पष्ट विचारा. सांगितलेल्या दरात पेट्रोल आणि उतरण्याचं शुल्क आहे का. तास कशावरून मोजता, इंजिन सुरू झाल्यापासून की चाकं उचलल्यापासून. रनवेच्या तोंडाशी रांगेत उभं राहिलेली पंधरा मिनिटंही तुमच्या बिलात येऊ शकतात. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: लायसन्स झाल्यावर हौशी माणसाला विमान खरोखर मिळतं का? सीपीएलच्या, म्हणजे नोकरीसाठी लायसन्स काढणाऱ्या, पोरांना २०० तास पुरे करायचे असतात, त्यांचा नंबर आधी लागतो. तोंडी “हो हो, मिळेल” ऐकून आठ लाख भरू नका. गेल्या महिन्यात किती हौशी लोक उडाले, ते वहीत दाखवा म्हणा.

पण त्याच्याही आधी, आठ लाखांचा विचार करायच्या आधी, एकदा नुसतं बसून या. पुण्याला हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, बिनइंजिनाच्या विमानाचं, चालू आहे का फोन करून विचारा. कोणी भाचा-पुतण्या अमेरिकेत असेल आणि तुम्ही कधी गेलात, तर तिथे शिक्षकासोबत अर्ध्या-एक तासाची ओळखीची फेरी दीड-दोनशे डॉलरमध्ये मिळते आणि स्टिअरिंग हातात देतात. पोराला न्याल तर सकाळची पहिली वेळ मागा. दुपारी ऊन तापल्यावर लहान विमान फार उसळतं, आणि पहिल्याच दिवशी पिशवीत तोंड घालून बसलेला मुलगा पुन्हा वर बघायचा नाही.