रेडिओ-कंट्रोल्ड घड्याळाला अचूक वेळ कशी कळते? उपग्रहावरून का?

नाही, उपग्रहाचा इथे काही संबंध नाही. सिग्नल जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून येतो. उदाहरणार्थ, जर्मनीत माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ अखंड प्रसारित होते. घड्याळातली अँटेना म्हणजे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या दांडीवर गुंडाळलेली बारीक तार. दर सेकंदाच्या सुरुवातीला सिग्नल क्षणभर क्षीण होतो: ०.१ सेकंद म्हणजे शून्य, ०.२ म्हणजे एक. सेकंदाला जेमतेम एक बिट! त्यामुळे तास, मिनिट, तारीख जुळायला अख्खं मिनिट जातं, आणि खात्री करायला घड्याळ सहसा आणखी एक-दोन मिनिटं ऐकतं. बाकी दिवसभर ते साधं क्वार्ट्झ घड्याळच असतं. रात्री हे सिग्नल जास्त लांब पोचतात, म्हणून बहुतेक घड्याळं पहाटे वेळ जुळवतात. तेव्हा झोपताना ते खिडकीपाशी ठेवा. लोखंडी कपाटात मुळीच नको.